बिल स्नायडर

बिल स्नायडर (७ ऑक्टोबर १९३९ – ) : अमेरिकेतील विद्यापीठ-फुटबॉलचे प्रशिक्षक. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या संघाचे १९८९–२००५ आणि २००९–२०१८ असे दोन वेळा मुख्य प्रशिक्षक. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याचा अमेरिकन खेळ. विद्यापीठाच्या गावाचे नाव मॅनहॅटन असले, तरी न्यूयॉर्कशी त्याचा संबंध नाही. ते कॅन्ससच्या गवताळ टेकड्यांमधले छोटे शहर आहे.

स्नायडर यांचा जन्म मिसूरीतील सेंट जोसेफचा. आईने त्यांना एकटीने वाढवले. शाळांच्या संघांपासून सुरुवात करून पुढे आयोवा विद्यापीठात मुख्य प्रशिक्षक हेडन फ्राय यांच्या हाताखाली त्यांनी दहा वर्षे काम केले.

१९८८ च्या अखेरीस ते कॅन्सस स्टेटला आले, तेव्हा पराभव या संघाच्या पाचवीलाच पुजलेला होता. सलग २७ सामन्यांत एकही विजय नव्हता. त्यातला एक काय तो बरोबरीत सुटलेला. सर्वोच्च श्रेणीत ५०० सामने हरणारा हा पहिला संघ. पूर्ण इतिहासात हंगामाअखेरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्याचे निमंत्रण एकदाच, १९८२ मध्ये, मिळालेले. एका राष्ट्रीय क्रीडा साप्ताहिकाने तर या विद्यापीठाला नालायकीचे विद्यापीठ ठरवणारा लेख छापला. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वांत मोठा कायापालट घडवण्याची संधी इथेच आहे, असे स्नायडर रुजू होतानाच म्हणाले. त्या वेळी ते खरे मानणारे फार थोडे होते.

पहिल्या हंगामात ११ पैकी १० सामने गेले. जिंकला तो एकच, ३० सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्ध. अगदी शेवटच्या चालीवर क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती असलेला, चेंडू फेकणारा खेळाडू) कार्ल स्ट्रॉने फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझने गोलक्षेत्रात झेलला आणि सामना २०–१७ असा खिशात घातला. ऑक्टोबर १९८६ नंतरचा हा पहिला विजय. पुढच्या वर्षी ५ विजय, त्याच्या पुढच्या वर्षी ७. स्नायडर यांचे खरे मोठेपण या चढत्या आकड्यांत दिसते. कालच्यापेक्षा आज थोडे सुधारा, एवढेच मागणे ते खेळाडूंपुढे रोज ठेवत. त्यांनी ठरवलेल्या १६ उद्दिष्टांत बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकी, शिस्त, चुका टाळणे अशाच गोष्टी आहेत. ‘अमुक सामने जिंका’ असे एकही कलम नाही.

नामांकित खेळाडू या आडगावी येत नसत. म्हणून स्नायडर यांनी ज्युनिअर कॉलेजांकडे मोर्चा वळवला. ही आपली अकरावी-बारावी नव्हे, तर शालेय शिक्षणानंतरची दोन वर्षांची महाविद्यालये. १९९८ चा क्वार्टरबॅक मायकल बिशप तिथूनच आला. शिष्यवृत्तीशिवाय स्वतःहून संघात येणाऱ्या मुलांनाही त्यांनी दार उघडे ठेवले. पुढे व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा जॉर्डी नेल्सन हा जवळच्याच रायली गावचा शेतकऱ्याचा मुलगा त्यांतलाच. सहकारी निवडण्याची त्यांची पारखही पक्की होती. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक झालेले बॉब स्टूप्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१९९३ ते २००३ या सलग ११ हंगामांत संघ बोल सामन्यात खेळला. १९९८ मध्ये नेब्रास्काला ३० वर्षांनी हरवले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात उतरून गोलचे खांब पाडले. नियमित हंगामात एकही सामना न गमावता संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या उंबरठ्यावर पोहोचला. पण कॅन्सस स्टेट ज्या विद्यापीठ-संघांच्या गटात खेळते, त्या बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एम विरुद्ध चौथ्या चरणात १५ गुणांची आघाडी असूनही दुसऱ्या जादा डावात ३६–३३ अशी हार झाली. हातातोंडाशी आलेला घास गेला. २००३ मध्ये मात्र याच गटाच्या अंतिम सामन्यात अव्वल क्रमांकावरच्या ओक्लाहोमाला ३५–७ असे लोळवले. समोर प्रशिक्षक होते तेच स्टूप्स. संघाचे हे १९३४ नंतरचे पहिले गटविजेतेपद.

गटाबाहेरचे सामने ते दुबळ्या संघांशी ठेवतात, ही टीका त्यांच्यावर कायम झाली आणि ती निराधार नव्हती. पण हाय खाल्लेल्या मुलांना आधी जिंकण्याची चव द्यावी लागते, हेही तितकेच खरे.

२००५ मध्ये ते निवृत्त झाल्यावर स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. त्यात ‘कुटुंब’ हा शब्द हवा, हा आग्रह त्यांचा. पुढच्या तीन हंगामांत संघाची घडी पुन्हा विस्कटली, तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर ते परतले. २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा गटविजेतेपद मिळवून दिले. २०१५ मध्ये प्रशिक्षकपदावर असतानाच कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१७ मध्ये घशाच्या कर्करोगावर उपचार घेत त्यांनी काम चालू ठेवले. डिसेंबर २०१८ मध्ये ते थांबले, तेव्हा त्यांच्या नावावर २१५ विजय, ११७ पराभव आणि एक बरोबरी होती.

त्यांची पत्रेही प्रसिद्ध आहेत. चांगला खेळ करणाऱ्या किंवा जायबंदी झालेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूला ते स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहीत, कॅन्सस स्टेटच्या जांभळ्या रंगात.