नील जेंकिन्स

जेंकिन्स, नील : (८ जुलै १९७१ – ). वेल्सचे रग्बी युनियन खेळाडू. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हजार गुण करणारे जगातील पहिले. जन्म दक्षिण वेल्समधील पाँटिप्रीदजवळच्या चर्च व्हिलेज येथे. पाँटिप्रीद क्लबकडून त्यांनी नाव कमावले आणि जानेवारी १९९१ मध्ये कार्डिफला इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून पहिला सामना खेळला.

त्यांची जागा फ्लाय-हाफची, म्हणजे संघाची चाल ठरवणाऱ्या खेळाडूची. वेल्समध्ये या जागेचा मान मोठा. याच जागेवरचे पूर्वीचे वेल्श खेळाडू बॅरी जॉन, फिल बेनेट यांची हुलकावण्या देणारी धाव ज्यांनी पाहिली होती, त्यांना जेंकिन्स नुसतेच किक मारणारे वाटत. ही टीका अन्यायाची होती. पेनल्टीचे (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी किक) ३ आणि कन्व्हर्जनचे (ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ५ गुण मिळवल्यावर मारायची किक) २ गुण किरकोळ दिसतात; पण १९९०च्या दशकातल्या पडत्या काळात वेल्सची बरीचशी भिस्त त्यांवरच होती.

१९९७ मध्ये ब्रिटिश लायन्स संघ (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांचा संयुक्त संघ) दक्षिण आफ्रिकेत गेला, तेव्हा अचूक किकसाठी त्यांना फुलबॅकच्या (सर्वांत मागच्या बचावपटूच्या) जागी खेळवण्यात आले. डर्बनच्या दुसऱ्या कसोटीत यजमानांनी तीन ट्राय केले, पण त्यांची एकही किक खांबांमधून गेली नाही. लायन्सना एकही ट्राय जमला नाही. जेंकिन्स यांच्या पाच पेनल्टी आणि जेरेमी गस्कटचा ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून मारलेली ३ गुणांची किक) यांवर सामना १८–१५ असा जिंकला आणि मालिकाही. तीन कसोटींत जेंकिन्स यांचे गुण ४१.

११ एप्रिल १९९९. कार्डिफचे मैदान बांधकामाखाली, म्हणून वेल्सचा ‘घरचा’ सामना लंडनच्या वेम्बलीवर. वेळ संपत आलेली असताना स्कॉट गिब्जने इंग्लंडची फळी भेदून ट्राय केला. तरी वेल्स ३०–३१ असे मागेच. सारे त्या एका कन्व्हर्जनवर आले. जेंकिन्स यांनी चेंडू खांबांमधून धाडला आणि वेल्स ३२–३१ ने जिंकले. ३२ पैकी २२ गुण त्यांचे होते. इंग्लंडचे पाच राष्ट्रांच्या स्पर्धेचे (फाइव्ह नेशन्स) विजेतेपद हुकले, ते स्कॉटलंडला मिळाले.

त्याच वर्षी त्यांनी फ्रान्सविरुद्ध एका सामन्यात नऊ पेनल्टी मारल्या आणि विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या मायकेल लायनाचा ९११ गुणांचा विक्रम मोडला. हजारावा गुण मार्च २००१ मध्ये पॅरिसला आला. त्या सामन्यात त्यांनी २८ गुण केले, त्यांत एक ट्रायही होता. वेल्ससाठी ८७ सामन्यांत १,०४९ आणि लायन्सचे धरून १,०९० ही त्यांची एकूण बेरीज २००८ मध्ये इंग्लंडच्या जॉनी विल्किन्सनने ओलांडली.

निवृत्तीनंतर ते वेल्स आणि लायन्सचे किकिंग प्रशिक्षक झाले. २०१३च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांचा शिष्य ली हाफपेनी याने ४९ गुण करून लायन्सच्या मालिकेतील त्यांचा ४१ गुणांचा विक्रम मोडला.