कफ वर कसा चढतो?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने ब्रेन्सोकॅटिब या गोळीला मान्यता दिली. ब्रॉन्किएक्टेसिस या श्वासनलिकांच्या आजारासाठी म्हणून मान्यता मिळालेलं हे पहिलंच औषध. मग रोज सकाळी कफ काढत बसायची कटकट संपली? नाही.

या आजारात श्वासनलिका कायमच्या रुंद आणि सैल होतात. 1819 मध्ये लॅनेक या फ्रेंच डॉक्टरने, म्हणजे स्टेथोस्कोपच्या जनकानेच, त्याचं वर्णन केलं. भारतातल्या रुग्णनोंदींत सर्वाधिक आढळणारं कारण म्हणजे पूर्वी होऊन गेलेला टीबी. एक्स-रेत जुना डाग आणि थुंकीत रक्त दिसलं की, थुंकी न तपासताच टीबीचा कोर्स पुन्हा सुरू होतो, तो या आजाराला पुन्हा उलटलेला टीबी समजण्याच्या गोंधळातून.

निरोगी नलिकेच्या पेशींवर सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर साधारण 200. सेकंदाला दहा-पंधरा वेळा लयीत हलून ते कफ घशाकडे सरकवतात आणि आपण तो नकळत गिळतो. हे काम थंडावलं की कफ साचतो, त्यात जंतू वाढतात. त्यांना मारायला न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांचं इलास्टेज हे विकर नलिकेची भिंतही कुरतडतं. भिंत आणखी सैल, कफ आणखी जास्त. हे दुष्टचक्र पीटर कोल यांनी 1986 मध्ये मांडलं. नवी गोळी अस्थिमज्जेतच न्यूट्रोफिलचं हे हत्यार बोथट करते. मोठ्या चाचणीत आजार उफाळण्याचं प्रमाण तिने सुमारे पाचव्या हिश्शाने घटवलं. साचलेला कफ मात्र आपणच काढायचा.

आणि तो निघतो हवेच्या जोरावर. आपण जोराने श्वास सोडतो तेव्हा छातीचा दाब नलिकांना बाहेरून दाबतो. आतला दाब वायुकोशापासून तोंडाकडे येताना घटत जातो. वाटेत एके ठिकाणी आतला आणि बाहेरचा दाब सारखा होतो. त्याच्या पुढे, तोंडाच्या बाजूला, नलिका चिंबते. अरुंद जागेतून हवा वेगाने सुटते आणि भिंतीवरचा कफ खरवडून नेते. गंमत अशी की हा बिंदू हलवता येतो. छाती भरून घेतली असेल तर तो मोठ्या नलिकांत असतो. छातीत हवा कमी असेल तर खोल, बारीक नलिकांकडे सरकतो. म्हणून आधी मध्यम श्वास घेऊन, चष्म्याच्या काचेवर वाफ धरताना करतो तसा लांब 'हाऽऽ' करायचा. त्याने तळचा कफ वर येतो. मग पूर्ण श्वास घेऊन आखूड, जोरकस 'हा'. मध्ये थोडा वेळ संथ श्वास. फिजिओथेरपिस्ट याला हफ म्हणतात. उबळ येईपर्यंत खोकत राहिलं तर सैल नलिका पुरत्या मिटतात आणि कफ मागेच अडकतो.

खोकला दाबणारी सिरपं म्हणूनच इथे नकोत. 'सात दिवसांत फुप्फुसं स्वच्छ' म्हणत विकल्या जाणाऱ्या चहाबद्दल तर काय बोलावं! पोटात गेलेला चहा श्वासनलिका धूत नाही.

डॉक्टरांनी नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राने, सलाइनची वाफ दिली असेल तर ती हफच्या आधी घ्यावी, म्हणजे कफ पातळ होतो. नेब्युलायझरचा कप दर वेळी धुऊन कोरडा करावा, कारण स्यूडोमोनास या जंतूला ओल फार मानवते. कफ अचानक वाढला किंवा त्याचा रंग गडद झाला, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी थुंकीचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, द्यावा. थुंकीत रक्त दिसलं तर हफ थांबवून आधी डॉक्टरांना गाठावं.