नावाची ओळ नको, अख्खा कागद पाठवा
(घरातले मोडी कागद वाचून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"आमच्या खापरपणजोबांना छत्रपतींनी 'राजमान्य राजश्री' हा किताब दिला होता, तसा दाखला कराल का?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. दर वेळी तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं छापून टाकलं.

राजमान्य राजश्री हा किताब नव्हे, मायना आहे, म्हणजे पत्रात नावाआधी लिहायचे मानाचे शब्द. जुन्या लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाआधी 'रा. रा.' असायचं ना, तेच हे. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' दिसलं की घरात पेढे वाटायची वेळ येते, पण तोही मायनाच. कोणाला काय लिहायचं हे कारकुनाला पाठ असे: शास्त्रीबुवांना वेदशास्त्रसंपन्न, देशमुखाला मशहुरल अनाम. त्यावरून समोरच्याची पायरी कळते, हे खरं. पण तो मान दरबारात वस्त्रं देऊन दिलेला नसे.

किताब म्हणजे काय, तर शिवाजी महाराजांनी कुडतोजी गुजरांना प्रतापराव केलं, हंसाजी मोहित्यांना हंबीरराव. राजाराम महाराजांनी विठोजी चव्हाणांना हिंमतबहादर म्हटलं आणि ते नाव घराण्याला कायमचं चिकटलं. १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर शाहू महाराजांनी दमाजी गायकवाडांना शमशेरबहादूर केलं. बडोद्याच्या राजांच्या नावात 'सेनाखासखेल शमशेरबहादूर' शेवटपर्यंत राहिलं आणि १८७७ च्या दिल्ली दरबारापासून त्याच्या जोडीला इंग्रजांचं 'फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया' येऊन बसलं. एका नावात दोन सरकारं!

सेनापती, सरनोबत, फडणीस, चिटणीस हे मात्र हुद्दे. पुढे काही हुद्दे वंशपरंपरेने चालले आणि आडनावंच झाले, म्हणून गोंधळ होतो. तळेगावच्या दाभाड्यांना आजही लोक सेनापती दाभाडे म्हणतात.

आता मुख्य दुखणं. तुम्ही कागद उलगडता, कोणीतरी ओळखीचा मास्तर बोट ठेवून सांगतो की हे बघा तुमच्या मूळपुरुषाचं नाव, आणि तुम्ही तेवढ्याच ओळीचा फोटो काढून आम्हाला पाठवता. त्या एका ओळीवरून आम्हाला काही म्हणजे काही सांगता येत नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. कुठला शब्द कोणाला लागतो हे मागचं-पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका काकांनी अशीच दीड ओळ पाठवली. 'सरलष्कर' (म्हणजे फौजेचा मोठा अधिकारी), आणि लगेच खाली त्यांच्या पूर्वजांचं नाव. चौकट करायला सुताराला मापसुद्धा देऊन झालं होतं. आम्ही पूर्ण कागद मागत राहिलो, ते तीच ओळ मोठी करून पाठवत राहिले. तीन आठवडे गेले. शेवटी पुतण्याने सगळा कागद उलगडून फोटो काढला, तर घडीत दडलेला शब्द निघाला 'यांसी'. पत्र सरलष्करांना होतं. काकांचे पूर्वज गावचे पाटील. तुमच्या घोड्यांनी या पाटलाच्या गंजीची वैरण खाल्ली, ती भरून द्या, अशी त्यात ताकीद होती. काका दोन दिवस बोलले नाहीत. मग फोन आला, "तीच चौकट करा. सरलष्कराविरुद्ध फिर्याद केली म्हणजे काय चेष्टा आहे?"

वरचा भाग कापला की शिक्का जातो, खालचा कापला की मोर्तब, म्हणजे मजकूर संपल्याचा छोटा शिक्का, जातं. मोर्तबात 'मर्यादेयं विराजते' असेल तर कागद छत्रपतींच्या दप्तरातला असण्याची शक्यता, 'लेखनसीमा' असेल तर पेशव्यांचा किंवा दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याचा, आणि दोन्ही नसेल तर नक्कल किंवा खासगी कागदही असू शकतो. पाठीमागे 'रुजू', 'बार' असे दप्तराचे शेरे असतात. पाठ कोरी दिसली तरी तिचा फोटो पाठवाच.

तारीख कधी वर असते, कधी शेवटी 'छ' काढून; 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढे अरबी महिन्याची तारीख. अरबी सन अक्षरात लिहिलेला असतो आणि एककापासून वाचायचा: 'समान अशरीन मया व अलफ' म्हणजे आठ, वीस, शंभर, हजार. ११२८. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७२७; जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर ६००. हा फसली, म्हणजे महसुलाचा वेगळा सन समजून ५९० मिळवणारे बरेच भेटतात. मग थोरल्या बाजीरावांच्या काळातला कागद बाळाजी विश्वनाथांच्या काळात जाऊन बसतो.

किताब खरा असेल तर तो बहुतेक वेळा खर्चात सापडतो. किताबाबरोबर पालखी दिली की भोयांची नेमणूक आली, अबदागीर (मानाची छत्री) दिली की ती धरणाऱ्याचा पगार आला, आणि हे सगळं दप्तरात लिहिलं जाई. म्हणून किताबाचा शोध घ्यायचा असेल तर तुमच्या कागदापुरतं न थांबता आम्ही पुण्याच्या पुरालेखागारातले रुमालही, म्हणजे फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठेही, पाहतो. त्याचे पैसे वेगळे आणि वेळही लागतो. काही निघेलच, अशी हमी देत नाही. पहिला कागद कशाचा आहे, एवढं मात्र फुकट सांगतो.

आम्ही महाग आहोत, अशी तक्रार कानावर आहे. आमच्याकडे एक जण वाचतो, दुसरा ताडून पाहतो, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबं देतो, अंदाज ठोकत नाही. 'सरदार घराणे' असा दाखला कोणालाच लिहून देत नाही. लिहून देणारे आहेत, त्यांच्याकडे खुशाल जा.

किताब सापडला म्हणून जमीन परत मिळत नाही. इनामं इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने तपासली, उरलेली बहुतेक स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी गेली. संस्थानिकांची सरकारी मान्यताही १९७१ मध्ये संपली. कुणबी नोंद हवी असेल तर किताबाच्या मागे लागू नका, आधी गाव नमुना १४, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, बघा. आणि पणजोबा रावबहादुर असतील तर तो किताब इंग्रज सरकारचा. त्याला मोडीवाला लागत नाही, साल सांगा, गॅझेटात शोधू.

फोटो दिवसाउजेडी काढा, फ्लॅश नको. कागदाशेजारी पट्टी ठेवा. स्कॅनरच्या ॲपमधून काळा-पांढरा करून पाठवू नका, फिकट शिक्का त्यात उडून जातो. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर हात जोडून सांगतो, करू नका. मूळ कागद टपालाने धाडायची गरज नाही, तो घरीच सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. फडकं आमच्याकडेही मिळतं.