पुस्तिकेतला उलटा मुकुट

ब्रिटिश टपाल खात्याची पहिली तिकीट-पुस्तिका १६ मार्च १९०४ रोजी विक्रीला आली. सातव्या एडवर्डची एक पेनीची लाल तिकिटं, सहा-सहाची चार पानं, एकूण चोवीस. तिकिटं दोन शिलिंगांची, पण पुस्तिकेची किंमत दोन शिलिंग आणि वर अर्धी पेनी, ती बांधणीची. १९०६ मध्ये हिशेब फिरवला. किंमत दोन शिलिंग ठेवली आणि आतली तिकिटंच अर्ध्या पेनीने कमी केली. त्यासाठी एका पानावर अर्ध्या पेनीची पाचच तिकिटं छापली आणि सहाव्या घरात हिरवी फुली मारली. अशी फुली शाबूत असलेलं पान आज मिळालं तर संग्राहकाचा दिवस सोन्याचा.

पुस्तिकांमधल्या बऱ्याच व्हरायटी, म्हणजे नेहमीच्या तिकिटाहून किंचित वेगळे नमुने, कुणाच्या हातून झालेल्या चुकीतून आलेल्या नाहीत. पुस्तिका बनवण्याच्या पद्धतीतूनच त्या आल्या, आणि मला त्यांचं मोल वाटतं ते यासाठीच. प्रत्येक पानाला शिवणीसाठी कडेला कोरी पट्टी हवी. कागद वाया न घालवता ती सगळ्या पानांना मिळावी म्हणून खास मांडणीचे ताव छापत. त्यात अर्धी पानं सरळ, अर्धी उलटी. कागदातला वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच उमटवलेली मुकुटाची पुसट खूण, मात्र एकाच दिशेचा. त्यामुळे ताव कापल्यावर निम्म्या पानांत तो उलटा येई. पान चिमट्यात धरून मागची बाजू उजेडाकडे तिरपी केली की कागदात मुकुट दिसतो, डोकं खाली, पाय वर. एडवर्डपासून दुसऱ्या एलिझाबेथच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत हे चाललं. १९६७ मध्ये मेचिन तिकिटं, म्हणजे शिल्पकार आर्नल्ड मेचिनने घडवलेल्या राणीच्या मुखचित्राची तिकिटं, आली ती वॉटरमार्क नसलेल्या कागदावर.

याच कापणीने दुसरं एक दुखणं दिलं. कटरचं पातं जरा सरकलं की तिकिटांच्या कडेचे, छिद्रांमुळे झालेले दात तुटत. चारही बाजूंचे दात पूर्ण असलेल्या पानाला म्हणूनच कितीतरी जास्त पैसे पडतात. कव्हर मळकं असलं तरी चालेल, दात हवेत, असं माझं ठाम मत आहे.

पुढे फॉस्फर हा अतिनील प्रकाशात चमकणारा पदार्थ आला. यंत्राला तिकीट ओळखता यावं म्हणून तिकिटावर त्याचे पट्टे छापू लागले. १९६८ मध्ये टपालाचे पहिला आणि दुसरा असे वर्ग झाले. पहिल्याला दोन पट्टे, दुसऱ्याला एक. एकाच पानावर दोन्ही वर्गांची तिकिटं छापायची तर पट्टे कुठून कुठे न्यायचे, हा पेच होता. त्यातूनच २४ मे १९७२ च्या एका पौंडाच्या वेजवुड पुस्तिकेत अर्ध्या पेनीचं हिरवट निळं तिकीट आलं, ज्याला फक्त डाव्या कडेला पट्टा आहे. वेजवुड म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा नावाजलेला कारखाना. त्याची कहाणी पुस्तिकेत तिकिटांच्या मधल्या पानांवर छापली होती. डाव्या पट्ट्याचं ते तिकीट दुसरीकडे कुठेच आलं नाही. मेचिन जमवणाऱ्या प्रत्येकाच्या अल्बममध्ये ती एक जागा बराच काळ रिकामी राहते.

२००९ पासून मेचिन तिकिटांच्या पार्श्वभूमीवर बारीक लहरींत 'रॉयल मेल' ही इंग्रजी अक्षरं छापू लागले. बारा तिकिटांच्या पुस्तिकेत 'मेल'मधल्या 'ए'च्या जागी 'टी' असे, सहाच्या पुस्तिकेत 'एस'. त्यामुळे पुस्तिकेतून सुटं झालेलं, पाकिटावरून उतरवलेलं तिकीटही भिंगाखाली धरलं की आपलं मूळ घर सांगतं.