साइट उघडत नाही? आधी बघा, उत्तर कोण देतंय

साइट एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवली की होस्टिंगवाल्यांकडून एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: ‘डीएनएस पसरायला २४ ते ४८ तास लागतात, थांबा.’ ऐकणाऱ्याला वाटतं, नवा पत्ता घेऊन कुणीतरी जगभर दवंडी पिटत निघालंय आणि आपल्यापर्यंत यायला त्याला दोन दिवस लागणार. प्रत्यक्षात कुणीही कुठेही निघालेलं नसतं. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा नंबर (आयपी पत्ता) शोधून देणारी व्यवस्था. डीएनएसमध्ये काही पसरत नाही, साठवलेली जुनी उत्तरं मुदत संपली की टाकून दिली जातात. हा नुसता शब्दांचा फरक नाही. नेट चालू आहे, बाकी सगळं उघडतंय, एकच साइट अडलीये, अशा वेळी दोष शोधायचा तो याच समजुतीच्या जोरावर.

पण आधी दोष डीएनएसचाच आहे का, ते बघा. ब्राउझरने दाखवलेला संदेश वाचा; बहुतेक जण तो न वाचताच रिफ्रेश दाबत बसतात. क्रोममध्ये ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ किंवा ‘नेम नॉट रिझॉल्व्ड’ असं आलं, तर नावावरून नंबर मिळालेला नाही. ‘५०३’ सारखा आकडा आला तर नंबर मिळाला, सर्व्हरशी बोलणंही झालं, सर्व्हरच नाही म्हणाला. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘टाइम्ड आउट’ मधलं आहे: सर्व्हर बंद असेल, किंवा तुमच्याकडे नंबर जुना असेल आणि तुम्ही रिकाम्या घराची कडी वाजवत असाल.

मग कमांड प्रॉम्प्ट किंवा टर्मिनल उघडा आणि पिंग १.१.१.१ करा, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या या नंबराला हाक मारून उत्तर येतं का ते बघा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत). उत्तरं येत असतील तर केबल, वायफाय, राउटर आणि कंपनीची लाइन ठीक आहे. आता पिंग एक्झाम्पल डॉट कॉम करा. हे नाव असल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. नंबरला उत्तर येतं आणि नावाला ‘होस्ट सापडला नाही’ येतं, म्हणजे चोर सापडला. इथे एक चूक सर्रास होते. नावाला पिंग केल्यावर पहिल्या ओळीत कंसात नंबर दिसला, पण पुढे ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर डीएनएसने आपलं काम केलेलं आहे. अनेक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. आणि तो नंबर उचलून ब्राउझरमध्ये टाकून बघणंही फारसं उपयोगाचं नाही. एकाच नंबरामागे हजारो साइट असू शकतात. कोणती दाखवायची हे सर्व्हर नावावरून ठरवतो.

पसरण्याची पद्धत एके काळी खरोखर होती, हे मात्र सांगायला हवं. डीएनएस येण्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि नंबर एकाच होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिची नवी प्रत उतरवून घेत. यंत्रं वाढली तसं ते झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. त्यात यादी कुणालाच वाटली जात नाही. ज्याला गरज पडेल त्याने विचारावं, उत्तर मिळालं की ते ठरावीक काळ जवळ ठेवावं, मग विसरून जावं. त्या जुन्या फाइलचा वारस आजही तुमच्या संगणकात बसलेला आहे. त्याच्याकडे आपण परत येऊ.

‘विचारावं’ म्हणजे कुणाला? तुमचा फोन विचारतो राउटरला, राउटर विचारतो इंटरनेट कंपनीच्या रिझॉल्व्हरला, म्हणजे नावाचा नंबर शोधून आणणाऱ्या सर्व्हरला. खरी पायपीट हा रिझॉल्व्हर करतो. आधी रूट सर्व्हर: त्यांची नावं १३, पण प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेली पुष्कळ यंत्रं. रूट सांगतो, डॉट कॉमवाल्यांना विचार. ते सांगतात, या डोमेनचे (साइटच्या नावाचे) नेमसर्व्हर, म्हणजे त्याच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, अमुक. ते नेमसर्व्हर देतात अखेरचा नंबर. या प्रत्येक उत्तराला सेकंदांत एक मुदत चिकटलेली असते, तिला टीटीएल म्हणतात. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६४०० म्हणजे एक दिवस. मुदत संपेपर्यंत रिझॉल्व्हर तेच उत्तर देत राहतो, मूळ ठिकाणी काय बदललं याची त्याला खबर नसते आणि त्याने ती घ्यावी अशी अपेक्षाही नसते.

आता ते ४८ तास. डॉट कॉमचे सर्व्हर जेव्हा ‘या डोमेनचे नेमसर्व्हर अमुक’ असं सांगतात, तेव्हा त्या उत्तराची मुदत १,७२,८०० सेकंद असते. भागाकार करा: बरोबर दोन दिवस. म्हणजे नेमसर्व्हरच बदलले असतील तर ४८ तासांच्या बोलण्यात तथ्य आहे. नुसता नंबर बदलला असेल, तर त्या नोंदीची जी मुदत होती तेवढाच वेळ. म्हणून जाणकार माणूस साइट हलवण्याच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवतो. हलवल्यावर कमी करून उपयोग नाही. जुनी मोठी मुदत घेऊन उत्तरं आधीच बाहेर पडलेली असतात.

हे उलटं मोजणं बघायला मजा येते. लिनक्स किंवा मॅकवर डिग ही कमांड एकच नाव पुन्हा पुन्हा विचारून चालवा. उत्तराच्या ओळीत नावाशेजारी मुदतीचा आकडा असतो: ३००, मग २९१, मग २७८. आकडा उतरतोय म्हणजे उत्तर साठ्यातलं आहे. शून्यापाशी गेला की पुन्हा ३००, म्हणजे रिझॉल्व्हर ताजं विचारून आला. हेच ८.८.८.८ ला (गूगलच्या रिझॉल्व्हरला) विचारून बघा, आकडा कधी कधी २७८ वरून एकदम ११२ आणि परत २६० असा उड्या मारतो. काही बिघडलेलं नाही. त्या एका पत्त्यामागे अनेक यंत्रं आहेत आणि त्यांचे साठे वेगवेगळे आहेत. ‘मला नवी साइट दिसते, रिफ्रेश केलं की जुनी’ या तक्रारीचं एक कारण हेच.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे ‘नाही’ हे उत्तरही साठवलं जातं. समजा, नव्या सबडोमेनची नोंद १० वाजून ५ मिनिटांनी होणार आहे आणि उतावीळपणे तुम्ही १० वाजताच ते उघडून बघितलं. रिझॉल्व्हरला उत्तर मिळालं ‘असं नावच नाही’, यालाच एनएक्सडोमेन म्हणतात, आणि त्याने ते जपून ठेवलं. पाच मिनिटांनी नोंद झाली. बाकी जगाला साइट दिसते, तुम्हाला दिसत नाही, आणि तुमचाच रिझॉल्व्हर वापरणाऱ्या शेजाऱ्यालाही नाही. किती वेळ? नसलेल्या नोंदीला स्वतःचा टीटीएल कुठून असणार? म्हणून १९९८ च्या नियमाप्रमाणे तो डोमेनच्या एसओए नोंदीतून (डोमेनची मूळ माहिती असलेल्या नोंदीतून) काढतात: त्या नोंदीतला शेवटचा आकडा आणि त्या नोंदीचा स्वतःचा टीटीएल, यांत जो लहान तो. त्याच नियमात एक ते तीन तास ही मुदत बरी म्हटली आहे. आणखी एक बारकावा. एनएक्सडोमेन अख्ख्या नावाला लागू होतं, पण नाव आहे आणि फक्त आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीच्या लांब नंबराचा) पत्ता नाही, असं उत्तर आलं तर तो नकार त्या एका प्रकारापुरताच साठवला जातो. सर्व्हफेलचं अजून तिसरंच: ‘विचारायला गेलो, धड उत्तर मिळालं नाही’ असा त्याचा अर्थ, आणि ते पाच मिनिटांहून जास्त साठवायला मनाईच आहे. एवढं डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही. एनएक्सडोमेन म्हणजे ठाम नकार आणि सर्व्हफेल म्हणजे हात टेकले, हे लक्षात राहिलं की पुढचं जमतं.

तर आता नेमकं कोण जुनं उत्तर देतंय? एनएसलुकअप ही कमांड विंडोज आणि मॅकवर तयारच असते. एनएसलुकअप लिहून स्पेस द्या, साइटचं नाव लिहा, एंटर. वरच्या दोन ओळी बहुतेक लोक सोडून देतात, पण महत्त्वाच्या त्याच. ‘सर्व्हर’ आणि ‘अ‍ॅड्रेस’: उत्तर कुणी दिलं ते तिथे लिहिलेलं असतं. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तर तो बहुधा तुमचा राउटर. खाली ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ दिसलं तर दचकू नका. उत्तर बेकायदा नाही, फक्त मूळ नेमसर्व्हरकडून थेट न येता मधल्याकडून आलं आहे. आता तीच कमांड पुन्हा, नावानंतर स्पेस देऊन १.१.१.१ जोडा, मग ८.८.८.८ जोडून. दोन्ही सर्वांसाठी खुले रिझॉल्व्हर: पहिला क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासूनचा. दुसरा गूगलचा, २००९ पासूनचा. हे दोघं सारखं उत्तर देतात आणि राउटरचं वेगळं आहे किंवा येतच नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा कंपनीच्या रिझॉल्व्हरमध्ये. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करण्याचा उपाय इथे खरोखर लागू पडतो, कारण त्याचा साठा आणि अडकलेला प्रोग्रॅम दोन्ही पुसले जातात. (‘दहाच सेकंद’, ‘तीन वेळा’, ‘अँटेना खिडकीकडे करून’ असली व्रतं पाळायची गरज नाही.)

विंडोजवर एक खुबी आहे. एनएसलुकअप संगणकाच्या साठ्यात बघत नाही, थेट सर्व्हरला विचारते. पिंग मात्र संगणकाच्या नेहमीच्या वाटेने जाते. दोघांनी वेगवेगळे नंबर दाखवले, किंवा एनएसलुकअपला उत्तर मिळालं आणि पिंगला मिळालं नाही, तर राउटरला दोष देऊ नका, खोट तुमच्या संगणकात आहे. मोठ्या साइटना अनेक नंबर असतात, त्यामुळे वेगळा नंबर म्हणजे चुकीचाच असं नाही, पण संशय घ्यायला जागा आहे. आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ, फ्लशडीएनएस ही कमांड साठा रिकामा करते. तरीही तेच राहिलं, तर मघाच्या वारसाकडे जा: विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत होस्ट्स नावाची, शेपटी नसलेली फाइल. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ती बघा. तिथे साइटचं नाव आणि एखादा नंबर लिहिलेला असेल तर संगणक डीएनएसला विचारतच नाही. कुणीतरी चाचणीसाठी लिहून विसरलेली ओळ तिथे वर्षानुवर्षं पडून असते.

एका ब्राउझरमध्ये साइट उघडते, दुसऱ्यात नाही? मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ बघा. ते चालू असेल आणि त्यात एखादा पुरवठादार निवडलेला असेल, तर तो ब्राउझर तुमचा राउटर, कंपनी सगळ्यांना ओलांडून परस्पर विचारतो. फोनवर याचाच भाऊ म्हणजे ‘प्रायव्हेट डीएनएस’, अँड्रॉइड ९ पासून आलेला. तिथे हाताने सर्व्हरचं नाव घातलेलं असेल आणि वायफायवर ८५३ क्रमांकाचा पोर्ट (हे प्रश्न ज्या दाराने जातात ते) बंद असेल, तर एकही साइट उघडत नाही. मोबाइल डेटावर मात्र सगळं सुरळीत, आणि माणूस वायफायला शिव्या घालत बसतो. सेटिंग ‘ऑटोमॅटिक’ वर आणा.

डीएनएस बदलायचंच ठरवलं तर राउटरमध्ये बदला, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना लागू होईल. पण आयपीव्ही४ च्या रकान्यात १.१.१.१ भरून थांबू नका. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचा डीएनएस वेगळा रकाना असतो आणि यंत्रं अनेकदा तिकडेच विचारतात. तिथे २६०६:४७००:४७००::११११ भरा, नाहीतर बदल केल्याचं समाधान तेवढं मिळेल. दुसरा रकाना ‘राखीव’ असतो, पण तो झटकन मदतीला येत नाही. लिनक्समध्ये पहिला सर्व्हर मुका असेल तर दुसऱ्याला विचारण्याआधी पाच सेकंद वाट बघितली जाते, तेही प्रत्येक नव्या नावासाठी. पान दर वेळी पाच सेकंद अडखळून मग धाडकन उघडतं, हे मेलेल्या पहिल्या सर्व्हरचं लक्षण आहे.

आणि ‘हा डीएनएस टाका, नेट दुप्पट वेगाने पळेल’ हे व्हिडिओ? नंबर शोधायला काही मिलिसेकंद लागतात, फार तर शे-दोनशे, आणि तेही पहिल्यांदाच. त्यानंतर चित्रपट उतरवताना डीएनएसचा काडीचाही संबंध नसतो. उलट लांबचा रिझॉल्व्हर निवडलात तर साइट तुम्हाला त्याच्या जवळचा सर्व्हर देऊ शकते, जो तुमच्यापासून दूर असेल. अनोळखी व्हिडिओत सांगितलेला नंबर तर अजिबात टाकू नका. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस नेमकं हेच करायचा, संगणकातला डीएनएसचा पत्ता बदलून लोकांना खोट्या नंबरांवर पाठवायचा. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये एफबीआयने ती टोळी पकडली, तेव्हा इतके संगणक त्या खोट्या सर्व्हरवर अवलंबून होते की त्यांच्या जागी खरी उत्तरं देणारे सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर तिथला डीएनएसचा रकाना आजच बघून घ्या.

उरला एक प्रकार, ज्यात घरात करण्यासारखं काहीच नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या स्वतःच्या नेमसर्व्हरांकडे जाणारे रस्तेच इंटरनेटच्या नकाशावरून गेले आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब झालं. रिझॉल्व्हर बिचारे सर्व्हफेल सांगत होते. ते उत्तर फार वेळ साठवता येत नाही, त्यामुळे प्रत्येक फोनचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पुन्हा पुन्हा येऊन धडकत राहिला. १.१.१.१ आणि ८.८.८.८ दोघंही एकाच नावाला सर्व्हफेल म्हणत असतील आणि बाकीच्या नावांना नीट उत्तरं देत असतील, तर बिघाड त्या साइटच्या बाजूला आहे. राउटरला हात लावू नका.