एडीएचडीच्या निदानाचे निकष आले कुठून?

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार, ओळखणारी रक्ताची चाचणी नाही आणि मेंदूच्या स्कॅनवरूनही निदान होत नाही. डॉक्टर प्रश्न विचारतात. त्रास लहानपणापासून आहे का? घरी आणि शाळेत, दोन्हीकडे होतो का? त्यापायी काही अडतं का? मिळालेली उत्तरं निकषांशी ताडून पाहिली जातात. हे निकष कुणी एका बैठकीत लिहिलेले नाहीत. दोनशे वर्षांत कोणते रुग्ण डॉक्टरांच्या नजरेस पडले आणि कोणते सुटले, याचा तो हिशेब आहे.

स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ साली लक्ष टिकत नसलेल्या माणसांचं वर्णन केलं. हा दोष जन्मजात असू शकतो, शिक्षणाच्या आड येतो आणि वयाबरोबर बहुधा कमी होतो, असं त्यांनी नोंदवलं. पुढे शंभरेक वर्षं या धाग्याकडे फारसं कुणी वळलं नाही.

इतिहास सहसा सुरू केला जातो तो १९०२ पासून. त्या वर्षी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्यानं दिली. बुद्धी शाबूत, पण स्वतःवर ताबा नाही, अशी वीस मुलं त्यांनी मांडली: पंधरा मुलगे, पाच मुली. या व्याख्यानांना आरंभबिंदू मानणं जरा ओढूनताणून आहे. त्यातली बरीच मुलं खोटं बोलणारी, चोरी करणारी, क्रूरपणे वागणारी होती. आज त्यांच्यातल्या अनेकांना वर्तनविकाराचं निदान मिळालं असतं. एक सवय मात्र तिथूनच पडली. जे मूल इतरांना त्रास देतं, तेच डॉक्टरांपर्यंत पोचतं. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी कुणालाच खटकत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मेंदूज्वराची मोठी साथ आली. त्यातून वाचलेली कित्येक मुलं अस्वस्थ आणि उतावळी झाली. मेंदूला इजा झाली की मूल असं वागतं, हे दिसलं. पण निष्कर्ष उलटा फिरवला गेला: मूल असं वागतंय म्हणजे मेंदूला इजा झालेली असणारच. इजेचा पुरावा नसला तर ती ‘किंचित’ आहे म्हणायचं. १९६२ साली ऑक्सफर्डच्या एका आंतरराष्ट्रीय बैठकीत ‘इजा’ हा शब्द सोडून ‘बिघाड’ म्हणावं अशी शिफारस झाली. बाळंतपण, डोक्याला मार, झटके यांबद्दल डॉक्टर आजही विचारतात आणि ते विचारायलाच हवं. बहुतेक मुलांत मात्र तसं काही सापडत नाही. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुढे स्पष्ट झालं.

औषध सापडलं ते डोकेदुखीपायी. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी मेंदूभोवतीचं पाणी काढून तिथे हवा भरावी लागे आणि नंतर डोकं भयंकर दुखे. पाणी पुन्हा लवकर तयार व्हावं म्हणून त्यांनी बेन्झेड्रीन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी विशेष हटली नाही, पण शाळेतलं काम सुधारलं. १९३७ साली त्यांनी तीस मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांतल्या चौदा मुलांच्या अभ्यासात ठळक फरक पडला होता. पुढे १९४४ साली सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट हे दुसरं उत्तेजक बनवलं. त्याचं ‘रिटालिन’ हे नाव त्यांच्या पत्नीच्या, रीटाच्या, नावावरून आलं.

उत्तेजकाने मूल शांत होतं, म्हणजे याचा मेंदू वेगळाच आहे, अशी समजूत बरीच वर्षं टिकली. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि सहकाऱ्यांनी कुठलाही त्रास नसलेल्या मुलग्यांना ॲम्फेटामाइन या उत्तेजकाचा एक डोस देऊन पाहिला. त्यांचीही चुळबुळ कमी झाली, लक्ष सुधारलं. त्यामुळे ‘औषध लागू पडलं, म्हणजे एडीएचडी आहेच’ हा तर्क तेव्हाच निकालात निघाला. तरी तो अजून ऐकू येतो.

साध्या मिथाइलफेनिडेट गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि साधारण चार तासांत ओसरतो. सकाळी घेतलेली गोळी दुपारच्या तासांना पुरत नाही, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या निघाल्या. भूक मंदावणं आणि झोप लांबणं हे नेहमीचे दुष्परिणाम. त्यामुळे उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब औषध सुरू करण्याआधी आणि नंतर ठरावीक काळाने मोजतात.

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने याच देखरेखीचं महत्त्व दाखवलं. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, चौदा महिने. नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलेल्या गटातही सुमारे दोन-तृतीयांश मुलांना औषध मिळत होतं. तरीही ज्या गटांत डोस काळजीपूर्वक बेतला, दिवसातून तीनदा दिला आणि दरमहा तपासणी केली, तिथे मूळ लक्षणं जास्त कमी झाली. तीन वर्षांनी पाहिलं, तेव्हा मात्र गटांमधला फरक उरला नव्हता.

दरम्यान निकष बदलत होते. मानसिक विकारांचे निकष देणाऱ्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९६८ च्या पुस्तिकेत भर अतिचंचलतेवर होता. कॅनडातल्या व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की खरी अडचण लक्ष टिकवण्यात आणि आवेग आवरण्यात आहे. १९८० च्या पुस्तिकेत लक्ष केंद्रस्थानी आलं आणि चंचलतेशिवायही निदान शक्य झालं. १९८७ मध्ये ती सोय जवळजवळ गेली, १९९४ मध्ये परतली. शांत मुलं, विशेषतः मुली, या ओढाताणीत सापडल्या.

मोठ्यांचा प्रश्न त्याहून उशिरा सुटला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या पॉल वेंडर आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर औषधाची चाचणी केली, पण निदानाची अट लहान मुलांकडे बघून घातलेली राहिली: लक्षणं सातव्या वर्षाआधीची हवीत. चाळिशीतल्या माणसाला पहिलीतलं काय आठवणार? शिवाय हुशार मुलाचं शाळेत कसंबसं निभतं आणि वेळापत्रक स्वतः सांभाळायची पाळी आली की सगळं कोलमडतं. २०१३ च्या पुस्तिकेत ही मर्यादा बारा वर्षांवर नेली. लक्षणांचे दोन गट आहेत: लक्ष न लागणं, आणि अतिचंचलता व आवेग. वयाच्या सतराव्या वर्षापासून पुढे एका गटातली नऊपैकी पाच लक्षणं पुरेशी ठरली. मुलांसाठी सहा लागतात. स्वमग्नता असलेल्यांना एडीएचडीचं निदान देण्यावरची बंदीही उठली.

यामुळेच प्रौढांच्या तपासणीत जुनी प्रगतिपुस्तकं आणि त्यांवरचे शिक्षकांचे शेरे मागतात, आईवडील किंवा भावंडांशी बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची प्रश्नावली फक्त चाळणी आहे. तिच्यावरून निदान होत नाही. नैराश्यातही लक्ष लागत नाही, पण ते कधी सुरू झालं हे बहुधा सांगता येतं. एडीएचडीला सहसा अशी तारीख नसते.

२०१५ मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन अभ्यासाने खळबळ उडवली. जन्मापासून पाठपुरावा केलेल्या लोकांपैकी ३८ व्या वर्षी ज्यांच्यात एडीएचडी दिसला, त्यांतल्या बहुतेकांना तो लहानपणी नव्हता. मोठेपणी सुरू होणारा वेगळा एडीएचडी असतो का, हा वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या एका बारकाईच्या तपासणीत अशा बहुतेकांच्या त्रासामागे व्यसन, दुसरा मानसिक विकार किंवा सुटून गेलेली जुनी लक्षणं निघाली. बारा वर्षांची अट कायम आहे. त्याआधीची खूण सापडली नाही, तर झोपेत श्वास अडकणं, थायरॉइड, चिंता, नैराश्य आणि व्यसन यांची तपासणी आधी होते, एडीएचडीचं औषध नंतर.