तृतीयपंथी समाज आणि ३७७ कलम

भारतातल्या एलजीबीटी चळवळीची गोष्ट बहुतेक जण ३७७ कलमाच्या, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या इंग्रजांच्या काळातल्या कलमाच्या, कोर्टकेसपासून सांगायला घेतात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून या कलमाचा मार खात आले ते तृतीयपंथी, त्यामुळे त्यांना या चळवळीत मागून आलेले पाहुणे समजणं साफ चूक आहे.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात हिजड्यांची नावं रजिस्टरला चढवायची सोय होती. नाव चढलेलं माणूस साडी-दागिन्यांत रस्त्यावर दिसलं किंवा चौकात नाचलं-गायलं तरी वॉरंटशिवाय अटक, वर दोन वर्षांपर्यंत कैद. मुलगा दत्तक घ्यायचा नाही, मृत्युपत्र करायचं नाही. माझ्या मते हा घाव जास्त खोल होता, कारण घरच्यांनी हाकललेल्या पोराला हिजड्यांच्या घराण्यात गुरू आईसारखं सांभाळते, चेला तिचं म्हातारपण बघतो आणि तिच्यामागे जे काय उरतं ते चेल्याकडे जातं, म्हणजे त्यांचं कुटुंबच कायद्याने मोडायला काढलं होतं.

१८८४ मध्ये अलाहाबाद हायकोर्टात खैराती नावाच्या हिजड्याची ३७७ खालची केस आली. बायकांच्या कपड्यांत गाणं म्हणताना पकडलं, अंगाची डॉक्टरी तपासणी केली, खालच्या कोर्टाने शिक्षाही दिली. गुन्हा कधी, कुठे, कोणाबरोबर याचा पत्ताच नाही म्हणून हायकोर्टाने सोडलं.

तृतीयपंथीयांच्या टाळीबद्दल थोडं सांगायलाच हवं. बोटं फाकवून दोन्ही तळवे सपाट एकमेकांवर आपटतात, आवाज एकदम खणखणीत निघतो. लोकलच्या डब्यात आपल्याला ती फक्त पैसे मागायची खूण वाटते, पण त्यांच्यात तीच टाळी ओळख देते, भांडणात दम देते, बोलणाऱ्याला गप्पही करते.

११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कायम ठेवलं आणि चारच महिन्यांनी, १५ एप्रिल २०१४ ला, त्याच कोर्टाने नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तृतीयपंथी ही ओळख मान्य केली, तीही ऑपरेशनची अट न घालता. ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात स्वतः उतरल्या होत्या. म्हणजे ओळख कायदेशीर, पण प्रेम केलं तर गुन्हा, असं ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत चाललं; त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले.

मग तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीचा म्हणून २०१९ चा कायदा आला, त्यावर समाजातून मोर्चे निघाले. त्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. तेव्हा बाईवर बलात्कार केला तर कमीत कमी १० वर्षं होती.